नोकरी सांभाळून पदवीपातळीचे गणित ऑनलाइन शिकायचे आहे. परवडणारा आणि खात्रीचा मार्ग कोणता?

इंद्रायणीकाठ

सर्वांना नमस्कार. मी ३३ वर्षांचा असून दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि तेव्हापासून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करतो. आठवड्याचे सहा दिवस कामाचे असतात, पाळी दर आठवड्याला बदलते आणि मोशीहून जाण्यायेण्यात रोजचे दीड-दोन तास जातात. घरी आई, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी आहे. हे आधीच सांगतो, कारण सल्ला देणाऱ्यांना माझ्याकडे किती वेळ उरतो याचा अंदाज यावा.

गणित का शिकायचे आहे, तेही सांगतो. आमच्याकडे २२ मिलिमीटर व्यासाचे एक बोअर, म्हणजे भोक आहे आणि त्याचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा एकूण फरक, २१ मायक्रॉनचा आहे. ठरावीक वेळाने सलग पाच नग उचलायचे, बोअर गेजने मोजायचे, पाचांतले सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान माप यांतला फरक म्हणजे रेंज लिहायची, सगळ्या रेंजची सरासरी काढून तिला २.३२६ ने भागायचे आणि त्यावरून सीपी आणि सीपीके (मापे टॉलरन्समध्ये किती ऐसपैस बसतात ते सांगणारे आकडे) मांडायचे, हे काम मी इतकी वर्षे करत आलो आहे. मागच्या महिन्यात सरासरी रेंज ६ मायक्रॉन आली, भागाकार २.५८ आला, सीपी १.३६ भरला. ग्राहकाची मागणी १.३३ ची असल्यामुळे फाइल पुढे गेली. नव्याने आलेल्या एका प्रशिक्षणार्थी मुलीने मला विचारले, "सर, हे २.३२६ कुठून आले?" मी तिला भिंतीवरचा तक्ता दाखवला. ती म्हणाली, "तक्त्यात आहे ते दिसतंय, पण तक्त्यात कुठून आले?" मला उत्तर देता आले नाही, आणि तो प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. डिप्लोमाला डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन होते, परंतु ते सूत्रे पाठ करून पास होण्यापुरते होते.

गेल्या वर्षी एका खाजगी संस्थेच्या ऑनलाइन वर्गाला मी १८ हजार रुपये भरले. जाहिरातीत 'कॉलेज दर्जाचे गणित आणि प्रमाणपत्र' असे होते. प्रत्यक्षात जुन्या ध्वनिचित्रफिती होत्या, त्याही सहा महिन्यांनी बंद झाल्या, शंका विचारायला माणूस नव्हता आणि ते प्रमाणपत्र कोणतेही विद्यापीठ ग्राह्य धरत नाही हे नंतर कळले. त्यामुळे आता ताक फुंकून पितो आहे. वर्षाला जास्तीत जास्त १० ते १२ हजार रुपये बाजूला काढू शकेन. मला कॅल्क्युलस, संभाव्यता आणि संख्याशास्त्र हे नीट, पायापासून शिकायचे आहे. पुढे जमल्यास पदवीही घ्यावी असे वाटते. कुठून सुरुवात करावी, आणि पैसे नेमके कशासाठी भरावेत?

मिरजेची शिक्षिका

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी वरिष्ठ महाविद्यालयात वीस वर्षे गणित शिकवते आणि माझ्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी फार थोडी 'हा आकडा आला कुठून' असे विचारतात. त्या प्रशिक्षणार्थी मुलीचेही कौतुक वाटले.

पहिली गोष्ट अशी की शिकणे, परीक्षा देणे आणि पदवी मिळवणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत आणि त्यांचा खर्चही वेगवेगळा आहे. बाजारातल्या महागड्या जाहिराती ही तिन्ही एकत्र बांधून विकतात आणि तिथेच नोकरी करणारा माणूस फसतो. आपल्या देशात पदवीपातळीचे गणित शिकायला आज पैसे लागत नाहीत. एनपीटेल हा आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा एकत्रित उपक्रम २००३ पासून चालू आहे, आणि केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मंचावर त्याचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. नावनोंदणी विनामूल्य असते. व्याख्याने पाहायची, दर आठवड्याचा स्वाध्याय सोडवून मुदतीत सादर करायचा, अडले तर अभ्यासक्रमाच्याच चर्चापीठावर विचारायचे, यातल्या कशालाही शुल्क नाही.

शुल्क आहे ते फक्त परीक्षेचे, आणि माझे विद्यार्थी गेल्या काही वर्षांत एका विषयाला १,००० रुपये भरत आले आहेत. परीक्षा घरून देता येत नाही. नेमलेल्या केंद्रावर शनिवारी किंवा रविवारी, पर्यवेक्षकासमोर, तीन तासांची असते आणि म्हणूनच त्या प्रमाणपत्राला किंमत आहे. स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगले आठ स्वाध्याय धरतात, म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात एखादा हुकला तरी आभाळ कोसळत नाही. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. तुमच्यासारख्यांच्या सर्वांत सोयीची बाब अशी की परीक्षेची नोंदणी नावनोंदणीपासून वेगळी असते आणि तिची मुदत सत्र सुरू झाल्यावर काही आठवडे खुली राहते. तेव्हा आधी त्या मुदतीपर्यंतचे आठवडे शिकून पाहावे, गाडी रुळावर आली असे वाटले तरच पैसे भरावेत.

आता क्रमाविषयी, कारण माझ्या मते पैशांपेक्षा इथेच जास्त माणसे गळतात. तुम्ही थेट संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमाला बसू नका. आयआयटी खरगपूरच्या सोमेश कुमार सरांचा संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम उत्तम आहे, पण तो गृहीत धरतो की तुमचे इंटिग्रेशन हाताखालचे आहे. ते नसेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घनता फलन आले की घोडे अडते आणि माणूस समजतो की आपल्याला गणित जमत नाही. प्रत्यक्षात अडचण अकरावी-बारावीत असते. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. पहिले आठ आठवडे फक्त तीच घ्या: फलन, सीमा, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि बारावीतली संभाव्यता. उदाहरणे वाचायची नाहीत, झाकून सोडवायची. त्यानंतर कॅल्क्युलसचा एक अभ्यासक्रम, आणि मग संभाव्यता.

तुमच्या २.३२६ विषयी मी आता उत्तर सांगणार नाही, वाट दाखवते. प्रमाणित सामान्य वितरणातून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या ज्या वितरणाची सरासरी ० आणि प्रमाण विचलन (मापे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) १ आहे त्यातून, पाच मापे घेतली तर त्यांची रेंज सरासरी किती येईल, तेच २.३२६. म्हणून सरासरी रेंजला त्याने भागले की तुमच्या प्रक्रियेच्या प्रमाण विचलनाचा अंदाज मिळतो. पाच मापांचा हिशोब लांबलचक आहे, पण तक्त्यात दोन नगांच्या गटासाठी १.१२८ हा आकडा आहे ना, तो हाताने काढता येतो. तो स्वतः काढता येणे हे तुमचे पहिले मुक्कामाचे गाव समजा. दरम्यान एक प्रयोग करून बघा. एक्सेलमध्ये पाच स्तंभांत सामान्य वितरणातल्या यादृच्छिक संख्या घ्या, प्रत्येक ओळीत मोठीतून लहान वजा करा, दहा हजार ओळी भरा आणि शेवटच्या स्तंभाची सरासरी पाहा.

माणदेशी

ताईंनी सांगितलेला क्रम सोळा आणे खरा आहे. मी बँकेत कारकून आहे आणि गेली पाच वर्षे हेच करतो आहे, त्यामुळे वेळेच्या बाजूने थोडे लिहितो.

पहिल्या सत्रात मी उत्साहाच्या भरात तीन अभ्यासक्रमांना नाव नोंदवले आणि तिन्ही परीक्षांचे पैसेही भरून टाकले. मार्चअखेरच्या कामात दोन सुटले, आणि एका परीक्षेला तयारीविना जाऊन बसलो. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठवड्याला साधारण अडीच तासांची व्याख्याने असतात, पण गणिताच्या एका तासाच्या व्याख्यानामागे वही-पेन घेऊन किमान दोन तास बसावे लागते. म्हणजे एका विषयाला आठवड्याचे सात-आठ तास. नोकरदार माणसाने एका सत्रात एकच विषय घ्यावा, असे मी आता प्रत्येकाला कळकळीने सांगतो. मी पहाटे साडेचार ते सहा ही वेळ ठरवली. तुमच्या पाळ्या बदलत असल्यामुळे घड्याळाची वेळ ठरवता येणार नाही. म्हणून 'झोपून उठल्यावरचे पहिले दीड तास' असे ठरवा, मग पाळी कोणतीही असो. व्याख्याने प्रवासात ऐकता येतील असे पुष्कळांना वाटते. मला विचाराल तर प्रवासात झालेले व्याख्यान पुन्हा उजळायला ठीक आहे, नवे शिकायला नाही, कारण गणित हातातून डोक्यात जाते.

आता पदवीविषयी. इग्नू या केंद्रीय मुक्त विद्यापीठाची गणिताची पाठ्यसामग्री 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते, प्रवेश घेतलेला असो वा नसो. ती दूरशिक्षणासाठीच लिहिलेली आहे, म्हणजे शेजारी शिक्षक नाही हे धरून. मध्येच प्रश्न विचारलेला असतो आणि घटकाच्या शेवटी त्याचे उत्तर असते. जुन्या अभ्यासक्रमातली एमटीई-०१ ही कॅल्क्युलसची आणि एमटीई-११ ही संभाव्यता व संख्याशास्त्राची पुस्तिका मी छापून, तारेचे बाइंडिंग करून घेतली. दोन्ही मिळून काही शे रुपये लागले आणि माझ्या सगळ्या शिक्षणात तो सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा होता.

इग्नूतून बी.एस्सी. करायची असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. पात्रतेत बारावी विज्ञान किंवा समकक्ष शिक्षण मागतात, तेव्हा तुमचा डिप्लोमा समकक्ष धरला जातो का हे पुण्याच्या प्रादेशिक केंद्रात लेखी विचारून घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका. आणि गणिताच्या जोडीला भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतले तर प्रयोगशाळेच्या सत्रांना सलग काही दिवस प्रत्यक्ष हजर राहावे लागते. सुट्टीचा हिशोब त्याप्रमाणे मांडा, कारण माझ्या एका सहकाऱ्याची पदवी केवळ प्रयोगाच्या हजेरीसाठी एक वर्ष लांबली.

तुमचे १८ हजार गेले त्याचे मनापासून वाईट वाटले. पुढे कोणत्याही संस्थेला पदवीसाठी पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचे नाव, तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि ते विशिष्ट वर्ष अशी तिन्ही जुळतात का पाहा. विद्यापीठ मान्य आहे पण तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी मान्य नाही, असेही घडते. आणि 'एका वर्षात पदवी' असे कोणी म्हणाले तर तिथून उठून यावे.

पलीकडचा किनारा

मी मूळची साताऱ्याची, सध्या कॅलिफोर्नियात राहते. तुमच्या प्रश्नाशी माझा संबंध थोडा वेगळ्या बाजूने येतो, पण कोणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिते.

मी पुण्यातून बी.कॉम. केले होते. इथे नोकरी करता करता संख्याशास्त्रात एम.एस. करायचे ठरवले तेव्हा विद्यापीठाने तीन सत्रांचे कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा आधी पूर्ण करून या, असे कळवले. मी तोपर्यंत एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवरची गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्याने पूर्ण पाहिली होती, वह्या भरल्या होत्या. ती व्याख्याने अप्रतिम आहेत आणि पूर्ण विनामूल्य आहेत. परंतु प्रवेश समितीला हवी होती श्रेणी आणि क्रेडिट असलेली गुणपत्रिका, आणि ओपनकोर्सवेअर क्रेडिट देत नाही. शिकलेले वाया गेले नाही, पण कागद नव्हता.

तो कागद मला इथल्या कम्युनिटी कॉलेजमुळे, म्हणजे स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयामुळे मिळाला. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना या महाविद्यालयांत एका युनिटला ४६ डॉलर शुल्क आहे. म्हणजे चार युनिटचा एक विषय १८४ डॉलरला पडतो, वर किरकोळ आकार असतात. तोच विषय मोठ्या विद्यापीठातून घेतला असता तर त्याच्या कितीतरी पट खर्च झाला असता. पुष्कळ वर्ग पूर्णपणे ऑनलाइन असतात आणि काही ठिकाणी केवळ परीक्षेला जावे लागते. मात्र रहिवासी नसलेल्यांना प्रत्येक युनिटमागे वेगळे, मोठे शुल्क भरावे लागते, त्यामुळे भारतात बसून हा मार्ग स्वस्त पडत नाही. इथे नव्याने आलेल्या आणि घरी बसून असलेल्या मराठी मुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण मला स्वतःला हे कळायला तीन वर्षे लागली.

आणखी एक अनुभव. विषयांची साखळी असते. पहिले कॅल्क्युलस झाल्याशिवाय दुसरे मिळत नाही. चार विषय म्हणजे मला नोकरी सांभाळून दोन वर्षे लागली. जिथे पुढे जायचे आहे त्या विद्यापीठाला 'कोणत्या संस्थेचा, कोणता विषय, किती क्रेडिटचा चालेल' असे ईमेलने विचारून, उत्तर जपून ठेवून, मगच पैसे भरावेत. हे पुण्यालाही लागू आहे.

इंद्रायणीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. आईला आणि पत्नीलाही हे सगळे वाचून दाखवले.

एक्सेलचा प्रयोग दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत केला. दहा हजार ओळींची सरासरी २.३१९ आली, पुन्हा आकडे बदलले तेव्हा २.३३१ आली. पडद्यावर तो आकडा २.३२६ च्या भोवती हिंदकळताना पाहून अंगावर काटा आला. त्या मुलीलाही बोलावून दाखवले.

एक शंका उरते. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन पदवीविषयी बरेच ऐकतो. तिथे गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही आहेत म्हणतात. माझ्यासारख्याने थेट तिकडे जावे का? आणि व्याख्याने इंग्रजीत असतात, माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आहे, त्याचे काय करावे?

मिरजेची शिक्षिका

आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा कार्यक्रम २०२० मध्ये सुरू झाला आणि त्याला जेईई लागत नाही. आधी चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी आणि संगणकीय विचारपद्धती असे चार विषय शिकायचे, स्वाध्याय करायचे आणि मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा द्यायची अशी रचना आहे. पात्र झाल्यावर आपण जितके विषय घेऊ तितक्यांचेच शुल्क त्या त्या सत्रात भरायचे असते आणि मध्येच थांबले तरी पूर्ण केलेल्या टप्प्याचा दाखला मिळतो. नोकरदारांसाठी ही सोय मोलाची आहे. कार्यक्रम दर्जेदार आहे, पण तो डेटा सायन्सचा आहे, गणिताचा नाही, आणि पूर्ण पदवीचा खर्च काही लाखांत जातो, जो तुमच्या मर्यादेत बसत नाही. उत्पन्नानुसार शुल्कसवलत आहे, तेव्हा ती तुम्हाला लागू होते का एवढे जरूर पाहा. माझा सल्ला असा की आधी एनपीटेलचे दोन विषय पूर्ण करा. दोन हजार रुपये आणि एक वर्ष यांत तुम्हाला स्वतःविषयी जे कळेल, ते कळल्याशिवाय लाखांचा निर्णय घेऊ नये.

भाषेची धास्ती बाळगू नका. गणिताचे इंग्रजी दोन-अडीचशे शब्दांचे आहे. वहीच्या मागच्या पानांवर तुमचा स्वतःचा कोश करा: इंग्रजी शब्द देवनागरीत, समोर मराठी अर्थ आणि एक छोटे उदाहरण. 'व्हेरिअन्स' ऐकले की 'विचरण' आठवले पाहिजे असे नाही, तुमच्या बोअरची पाच मापे आठवली पाहिजेत. व्याख्यानाचा वेग कमी करता येतो, ते थांबवता येते. माझ्या वर्गातल्या मुलांना ही सवलत कधीच मिळाली नाही.

इंद्रायणीकाठ

पाच महिन्यांनी लिहितो आहे, कारण काय झाले ते सांगण्याचे माझ्यावर ऋण आहे.

जून आणि जुलै पूर्ण, शिवाय ऑगस्टचे पहिले काही दिवस एनसीईआरटीत घालवले. आठ आठवडे ठरवले होते, दहा लागले, कारण इंटिग्रेशनच्या धड्यात मी पुन्हा पुन्हा मागे जात होतो. कॅल्क्युलसच्या अभ्यासक्रमाला जुलैच्या सत्रात नाव नोंदवले आणि पहिले दोन स्वाध्याय हुकलेच. तिसऱ्यापासून सलग दहा सादर केले. परीक्षेचे पैसे मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात भरले. केंद्र पुण्यात मिळाले, रविवारची वेळ होती. शनिवारी रात्रपाळी होती ती एका मित्राने बदलून दिली. निकाल यायचा आहे. पेपर बरा गेला, परंतु दोन प्रश्नांत इंटिग्रेशनच्या मर्यादा बदलायला विसरलो हे बाहेर आल्यावर लक्षात आले. आतापर्यंतचा एकूण खर्च परीक्षेचे १,००० रुपये आणि इग्नूच्या पुस्तिका छापण्याचे ६४० रुपये.

१.१२८ मात्र सापडले. एमटीई-११ ची सुरुवातीची प्रकरणे वाचता वाचता दिवाळीच्या सुट्टीत, सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून काढले. दोन मापांतला फरकही सामान्य वितरणातच असतो आणि त्याचे विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) दुप्पट होते, म्हणजे प्रमाण विचलन वर्गमूळ २. मग फक्त एका प्रमाणित मापाचे चिन्ह सोडून सरासरी मूल्य हवे. तिथे क्ष गुणिले ई चा ऋण क्ष वर्ग भागिले २ इतका घात, याचे शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन येते. क्ष वर्ग भागिले २ याला वेगळे अक्षर मानले की ते चक्क १ होते. बाकी सगळे सरळ झाले आणि २ भागिले वर्गमूळ पाय (π) असे उत्तर आले. कॅल्क्युलेटरवर १.१२८३ दिसले तेव्हा मी तक्ता काढून पुन्हा पाहिला, जणू तिथला आकडा बदलला असेल. सकाळी पत्नीने विचारले की ओट्यावर पेन्सिलीने काय लिहिले आहे.

जानेवारीच्या सत्रात संभाव्यतेचा विषय घेतो आहे. तोपर्यंत तीन नगांचा १.६९३ हा आकडा काढायचा प्रयत्न करतो आहे, पण तिथे तीन-तीन इंटिग्रेशन एकात एक येतात आणि मी दोन आठवडे तिथेच अडकलो आहे. ताई, आधी काहीतरी नवीन शिकावे लागेल का?

मिरजेची शिक्षिका

ओट्यावरचे पुसू नका असे वहिनींना माझ्यातर्फे सांगा. तीन नगांसाठी नवीन काही शिकावे लागत नाही, तुमच्याकडे आहे तेवढ्यात काम होते. इंटिग्रेशन बाजूला ठेवा. कोणतीही तीन मापे चढत्या क्रमाने एका रेषेवर मांडा. पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे आणि पहिले-तिसरे, अशा तिन्ही जोड्यांतले फरक काढून बेरीज करा. ती रेंजच्या किती पट येते?

इंद्रायणीकाठ

दुप्पट. मधले दोन तुकडे मिळून पुन्हा रेंजच होते.

म्हणजे तीन जोड्या, प्रत्येकीचा सरासरी फरक १.१२८, त्यांच्या बेरजेच्या निम्मे. १.१२८३८ ची दीडपट केली, १.६९२५७ आले. तक्त्यात १.६९३ आहे. त्या मुलीची आज दुसरी पाळी आहे, तीन वाजता तिला दाखवतो.